अर्ज गेला खरा. पण पोहोचला का?

नोकरीसाठी अर्ज केला, महिना उलटला आणि समोरून एक शब्दही आला नाही, हा अनुभव आज घरोघरी आहे. पहिले काही दिवस उमेदवार उत्साहाने ई-मेल उघडून पाहतो. पुढे घरातून 'काही कळलं का?' अशी विचारणा सुरू होते. आणि एके दिवशी तो मनाशी ठरवून टाकतो, की आपणच त्या जागेच्या योग्यतेचे नव्हतो. प्रत्यक्षात कित्येकदा नकार मिळालेलाच नसतो. नकार देण्यासाठी अर्ज आधी कोणाच्या तरी हाती पडावा लागतो, आणि नेमके तेच घडलेले नसते.

वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींचा काळ आठवून पाहावा. अनेक जाहिरातींत कंपनीचे नाव नसे, केवळ बॉक्स क्रमांक असे. त्या क्रमांकावर पाठवलेले लिफाफे वृत्तपत्राच्या कचेरीत जमत आणि तेथून जाहिरातदाराकडे जात. थेट पत्त्यावर अर्ज पाठवायचा असल्यास रजिस्टर्ड पोस्टाला पोचपावतीचे कार्ड जोडण्याची सोय होती. पलीकडच्या माणसाची सही घेऊन ते कार्ड परत येई आणि उमेदवाराच्या जिवाला स्वस्थता लाभे. आज बटण दाबताच अर्ज जातो. मात्र सहीचे कार्ड परत येत नाही. पाठवणे सोपे झाले, पोहोचल्याची खात्री करून घेणे मात्र उमेदवारावरच येऊन पडले.

म्हणूनच बायोडाटा कसा लिहावा याइतकेच तो कोणत्या वाटेने जातो आणि कोठे अडकतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

फाइल उघडते का?

पहिला अडथळा उमेदवाराच्या स्वतःच्याच संगणकावर असतो. आकर्षक रचनेच्या मोहापायी अनेक जण दोन रकाने, चौकटी, रंगीत पट्ट्या आणि चिन्हांनी सजवलेला बायोडाटा तयार करतात. कागदावर तो देखणा दिसतो. परंतु मोठ्या कंपन्यांत आलेला अर्ज प्रथम संगणकप्रणालीकडे जातो. ही प्रणाली त्यातील नाव, शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये वेगळी काढून आपल्या नोंदवहीत भरते. चौकटीतला मजकूर, पानाच्या अगदी वरच्या किंवा खालच्या पट्टीतला दूरध्वनी क्रमांक आणि चित्राच्या स्वरूपातील अक्षरे तिला अनेकदा वाचता येत नाहीत. छापील बायोडाटा स्कॅन करून पाठवला, तर तो प्रणालीच्या दृष्टीने निव्वळ छायाचित्र ठरतो.

याची परीक्षा घरच्या घरी दोन मिनिटांत घेता येते. बायोडाटाची फाइल उघडून सगळा मजकूर निवडावा, त्याची नक्कल करावी आणि तो नोटपॅडसारख्या साध्या खिडकीत चिकटवावा. तेथे मजकूर क्रमाने आणि अखंड दिसला, तर प्रणालीलाही तो वाचता येण्याची शक्यता मोठी. शब्द इकडचे तिकडे झाले, क्रमांक गायब झाला किंवा काहीच उमटले नाही, तर सजावट उतरवून बायोडाटा एका रकान्यात मांडावा.

मराठीतून अर्ज करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. मुद्रितशोधक, अनुवादक, उपसंपादक अशा पदांसाठी अनेक जण आजही श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेखन करतात. तो फाँट समोरच्या संगणकावर नसेल, तर वर्डच्या फाइलमध्ये मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. त्यामुळे मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि शक्य तेथे पीडीएफ करून पाठवावा. जाहिरातीत विशिष्ट प्रकारची फाइल मागितली असेल, तर मात्र तीच द्यावी.

फाइलचे नाव हीदेखील क्षुल्लक बाब नव्हे. 'बायोडाटा फायनल नवीन २' या नावाची फाइल उमेदवाराच्या संगणकावर एकच असते. मनुष्यबळ विभागाच्या संगणकावर तशा डझनभर असू शकतात. फाइलच्या नावात स्वतःचे पूर्ण नाव आणि पदाचे नाव असावे. तिला पासवर्ड घालू नये. गूगल ड्राइव्हवरील दुवा पाठवायचाच असेल, तर तो पाहण्याची परवानगी सर्वांना आहे ना, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासून घ्यावे. 'परवानगी मागा' असा संदेश समोर आल्यावर ती मागत बसण्याइतका वेळ कोणाकडेही नसतो.

ई-मेल 'सेंट'मध्ये दिसतो म्हणजे काय?

'सेंट'च्या कप्प्यात दिसणारा ई-मेल आपल्याकडून निघाला, एवढाच त्याचा अर्थ होतो. पत्त्यातील एखादे अक्षर चुकले, तर सामान्यतः काही वेळात 'मेल पोहोचू शकला नाही' अशी सूचना परत येते. ही सूचना इंग्रजीत व तांत्रिक भाषेत असल्याने अनेक जण ती जाहिरात समजून पुसून टाकतात. कधी ती स्वतःच्याच स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडते. अर्ज पाठवल्यानंतर अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी असे दोनदा दोन्ही कप्पे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

याहून अवघड प्रकार म्हणजे पत्ता बरोबर असूनही ई-मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाणे. याची सूचना कोणीही देत नाही. मजकूर कोरा ठेवून नुसती फाइल जोडणे, एकाच ई-मेलमध्ये पन्नास कंपन्यांचे पत्ते घालणे, विषयाच्या ओळीत 'अर्जंट' लिहून उद्गारचिन्हांची माळ लावणे यांमुळे हा धोका वाढतो. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र ई-मेल जावा. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि उमेदवाराचे नाव एवढेच असावे. खाली चार-पाच वाक्यांत अर्ज कशासाठी आहे, जाहिरात कोठे पाहिली आणि आपला अनुभव त्या कामाशी कसा जुळतो, हे लिहावे. फाइल उघडली गेली नाही, तरी तेवढ्या ओळी वाचल्या जातात.

फाइलचा आकारही पाहावा. जीमेलवरून एका ई-मेलसोबत २५ एमबीपर्यंतच्याच फाइल जोडता येतात. कार्यालयांच्या मर्यादा याहून कमी असू शकतात. प्रमाणपत्रांची छायाचित्रे मागितलेली नसताना जोडू नयेत. दोन पानांचा साधा बायोडाटा काही शे केबीत सहज मावतो.

अलीकडे व्हॉट्सअॅपवरही बायोडाटा मागितला जातो. तेथील दोन राखाडी खुणा संदेश समोरच्या फोनवर पोहोचल्याचे दर्शवतात आणि निळ्या खुणा तो पाहिल्याचे. मात्र निळ्या खुणांची सोय बंद ठेवता येते, त्यामुळे त्या न दिसल्या म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. तसेच एखाद्याच्या खासगी फोनवर गेलेला बायोडाटा कंपनीच्या नोंदीत गेलाच, असेही समजू नये. तोच अर्ज कंपनीने दिलेल्या अधिकृत मार्गानेही करावा.

संकेतस्थळांची चाळणी

भारतात नोकरीच्या संकेतस्थळांचा जम १९९७ साली सुरू झालेल्या नौकरी डॉट कॉमपासून बसला. व्यावसायिकांच्या ओळखी जोडणारे लिंक्डइन २००३ साली आले, तर 'मॉन्स्टर' या नावाने परिचित असलेले संकेतस्थळ २०२२ पासून 'फाउंडइट' या नावाने चालते. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये 'नॅशनल करिअर सर्व्हिस' हे पोर्टल सुरू केले. या साऱ्यांमुळे एका दुपारी तीस ठिकाणी अर्ज करणे शक्य झाले. पण त्याच दुपारी तेच काम हजारो उमेदवार करत असतात.

येथे अडखळण्याच्या जागा तीन. पहिली म्हणजे अर्जासोबत विचारले जाणारे छोटे प्रश्न: अनुभव किती वर्षांचा, किती दिवसांत रुजू होऊ शकाल, अमुक शहरात येण्याची तयारी आहे का. उमेदवार घाईघाईने ते भरतो. प्रत्यक्षात चाळणी बहुधा याच उत्तरांवर लागते. 'संगणक बायोडाटा वाचून परस्पर नाकारतो' असा सर्रास समज आहे. प्रणाली मुख्यत्वे अर्जांची वर्गवारी करते आणि शोध सोपा करते. परस्पर बाद होण्याचे प्रसंग बहुतेक वेळा अशा ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांतून येतात. ती उत्तरे खरी असावीत, पण विचारपूर्वक द्यावीत.

दुसरी जागा शब्दांची. मनुष्यबळ अधिकारी शेकडो बायोडाटांतून शब्द टाकून शोध घेतो. जाहिरातीत 'जीएसटी विवरणपत्रे' आणि 'टॅली' यांचा उल्लेख असेल आणि उमेदवाराने केवळ 'हिशेबाची सर्व कामे' असे लिहिले असेल, तर काम येत असूनही त्याचे नाव शोधात वर येत नाही. आपण खरोखर केलेल्या कामासाठी जाहिरातीतलेच शब्द वापरावेत. न केलेल्या कामाचे शब्द घातले, तर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला फजिती होते.

तिसरी जागा काळाची. कंपन्या या संकेतस्थळांवर स्वतःहून उमेदवार शोधतात, तेव्हा अलीकडे सक्रिय असलेल्यांनाच पाहण्याची सोय त्यांना असते. दोन वर्षांपूर्वी नोंदवून विसरलेला बायोडाटा तेथे असून नसल्यासारखाच. त्यात दर काही आठवड्यांनी खरी, छोटी सुधारणा करावी. दुसऱ्या बाजूने, जाहिरातीची तारीखही पाहावी. जागा भरल्यानंतरही कित्येक जाहिराती संकेतस्थळांवर तशाच राहतात. ती जागा अजून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसते का, हे पाहावे आणि तेथे अर्जाची सोय असल्यास तेथूनच अर्ज करावा. अर्ज केल्यावर मिळणारा क्रमांक ही आजची पोचपावती होय. तो जपून ठेवावा.

कन्सल्टंट आणि ओळखीची माणसे

मराठी घरांत 'बायोडाटा' हा शब्द नोकरीइतकाच लग्नाच्या संदर्भातही वापरला जातो. लग्नाचा बायोडाटा मावशी-आत्यांच्या हातांतून फिरतो. कोणाकडे गेला आणि ते काय म्हणाले, हे संध्याकाळपर्यंत घरी कळते. नोकरीच्या बायोडाटाला अशी मावशी क्वचितच लाभते. कंपनीत काम करणारा परिचित मात्र ती उणीव काही अंशी भरून काढू शकतो.

अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांनी उमेदवार सुचवण्याची रीतसर योजना असते. परिचिताला 'कुठे चिकटवता आलं तर बघ' असे मोघम सांगण्याऐवजी पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि बायोडाटा द्यावा. त्याने तो साहेबांच्या टेबलावर ठेवण्यापेक्षा त्या योजनेतूनच नोंदवावा, म्हणजे त्याची नोंद राहते. ही वशिलेबाजी नव्हे. निवड कंपनीच करते, अर्ज वाचला जाण्याची शक्यता तेवढी वाढते.

कन्सल्टंटमार्फत अर्ज करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. एकाच कंपनीतील एकाच पदासाठी दोन कन्सल्टंटांनी एकाच उमेदवाराचे नाव पाठवले, तर मेहनताना कोणाचा, हा वाद उभा राहतो आणि तो टाळण्यासाठी कंपनी तो अर्जच बाजूला ठेवू शकते. म्हणून कन्सल्टंटला कंपनीचे नाव विचारावे, आधी अर्ज केला असल्यास तसे स्पष्ट सांगावे आणि आपल्याला विचारल्याशिवाय बायोडाटा कोठेही पाठवू नये, असे लेखी कळवावे.

सरकारी भरतीचा वेगळा रस्ता

खासगी क्षेत्रात मागची दारे अनेक असतात. सरकारी भरतीत दार एकच असते आणि ते जाहिरातीत सांगितलेले असते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकभरती राज्य शासनाच्या 'पवित्र' पोर्टलमार्फत होते. तेथे शाळेकडे परस्पर पाठवलेल्या अर्जाला काहीही अर्थ नसतो.

ऑनलाइन अर्जांत सर्वाधिक घात होतो तो शुल्काच्या टप्प्यावर. बँकेच्या खात्यातून रक्कम वजा झाली म्हणजे अर्ज झाला, असा समज करून घेतला जातो. व्यवहार मध्येच तुटला, तर रक्कम जाऊनही अर्ज अपूर्णच राहतो. पुन्हा लॉग-इन करून शुल्काची स्थिती पाहावी आणि पूर्ण भरलेल्या अर्जाची प्रत उतरवून घ्यावी. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, हे दरवर्षी अनुभवास येते. तेव्हा मुदतीच्या किमान तीन-चार दिवस आधी अर्ज भरावा.

शिक्षणसंस्था, सहकारी संस्था अजूनही टपालाने अर्ज मागवतात. तेथे 'अंतिम तारीख' ही बहुधा अर्ज पोहोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. टपालातील विलंबाची जबाबदारी संस्था घेत नाही, अशी ओळही जाहिरातीत असते. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. स्पीड पोस्टाच्या पावतीवरील क्रमांकावरून पाकीट कोठवर पोहोचले, हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती पावती निकाल लागेपर्यंत फेकू नये. पाकिटावर पदाचे नाव ठळक लिहावे.

सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून घरी वाट पाहण्याचा काळही मागे पडला आहे. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणे बंधनकारक केले होते. मात्र त्या कार्यालयाने सुचवलेल्यांनाच घेण्याची सक्ती नव्हती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले, की सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवण्याबरोबरच वृत्तपत्रांतून जाहिरात द्यावी आणि पुढे येणाऱ्या सर्व पात्र उमेदवारांचा विचार करावा. ज्याचे नाव यादीतून पुढे गेलेच नाही, त्याचीही संधी हिरावली जाऊ नये, हाच त्यामागील विचार होता. महाराष्ट्रात आता ही नोंदणी 'महास्वयम्' पोर्टलवर होते. ती अवश्य करावी, परंतु तिच्यावर विसंबून राहू नये.

चौकशी केव्हा आणि कशी?

अर्ज मिळाला का, असे विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. अर्जाची मुदत संपल्यानंतर साधारण आठवडाभराने, आणि मुदत दिलेली नसल्यास अर्ज केल्यानंतर आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा करावी. मजकूर थोडका असावा: 'आपल्या अमुक क्रमांकाच्या जाहिरातीस अनुसरून अमुक तारखेस अर्ज पाठवला आहे. तो आपणास मिळाला असल्यास कृपया कळवावे. सोयीसाठी बायोडाटा पुन्हा जोडत आहे.' पहिल्याच ई-मेलला उत्तर देण्याच्या रूपात हा मजकूर पाठवला, तर मूळ अर्जही सोबत जातो. दूरध्वनी करायचा तर कंपनीच्या मुख्य क्रमांकावर करावा आणि मनुष्यबळ विभागाचा योग्य ई-मेल पत्ता विचारून घ्यावा. दोन विचारणांनंतरही उत्तर न आल्यास तो विषय सोडून पुढे जावे. 'फोन करू नये' असे जाहिरातीत लिहिले असेल, तर करू नये.

परतीची वाट मोकळी आहे ना?

अर्ज पोहोचतो, निवडही होते. पण निरोप परत येत नाही, असेही घडते. बायोडाटावरचा क्रमांक बदललेला असतो किंवा एखादा आकडा चुकलेला असतो. अनोळखी क्रमांक म्हणून फोन कापला जातो. जीमेलच्या मोफत खात्यातील १५ जीबी जागा ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिन्हींसाठी मिळून असते. घरच्या छायाचित्रांनी ती भरली, की नवे ई-मेल येणेच थांबते आणि मुलाखतीचे पत्र कंपनीकडे परत जाते. अर्ज करण्याच्या काळात ही जागा रिकामी ठेवावी, स्पॅमचा कप्पा रोज पाहावा आणि अनोळखी क्रमांकांचे फोन घ्यावेत. स्वतःच्या बायोडाटावरील क्रमांकावर मित्राला एकदा फोन करायला सांगणे, ही सर्वांत स्वस्त खबरदारी.

नको त्या हाती जाऊ नये म्हणून

जेथे पोहोचायला हवा तेथे बायोडाटा न पोहोचणे वाईट. भलत्याच हाती पोहोचणे त्याहून वाईट. नोकरीचे आमिष दाखवून नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा 'परत मिळणारी' अनामत मागणारे ई-मेल आणि फोन सर्रास येतात. नोकरी देण्यासाठी चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. ई-मेल पत्त्यातील कंपनीचे नाव अक्षर न् अक्षर पडताळावे आणि तीच जागा कंपनीच्या संकेतस्थळावर आहे का, हे पाहावे. बायोडाटात आधार, पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक कदापि देऊ नये. नाव, दूरध्वनी, ई-मेल आणि शहर एवढी ओळख पहिल्या टप्प्यावर पुरते. आखाती देशांतील नोकरीसाठी बोलावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे बायोडाटा आणि पारपत्राची प्रत देण्यापूर्वीच तपासावे. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

एक वही, पाच रकाने

या सर्वांवर लक्ष ठेवण्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. तीत पाच रकाने आखावेत: कंपनी व पद, अर्जाची तारीख, कोणत्या मार्गाने पाठवला, मिळालेला क्रमांक वा पोच आणि विचारणेची तारीख. महिनाभराने ती वही वाचली, की चित्र स्पष्ट होते. चौथा रकाना बहुतांशी रिकामाच असेल, तर दोष पाठवण्याच्या पद्धतीत आहे. तो भरलेला असूनही मुलाखतीला बोलावणे नसेल, तर बायोडाटाच्या मजकुराकडे किंवा निवडलेल्या पदांकडे पाहायला हवे. मुलाखती होऊनही निवड होत नसेल, तर तयारी तेथे वाढवावी.

या तीन गोष्टींत फरक करता येणे महत्त्वाचे आहे. तो न केल्यामुळेच कित्येक जण न वाचल्या गेलेल्या अर्जांचा दोष आपल्या शिक्षणाला, आपल्या गावाला नाहीतर आपल्या इंग्रजीला देत बसतात. जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे वास्तव कोणत्याही युक्तीने बदलणार नाही. परंतु ज्याने अर्ज वाचलाच नाही, त्याच्या मौनाला निकाल मानण्याचे कारण नाही. रिकामा दिसणारा चौथा रकाना आधी भरावा. निराश व्हायचे की नाही, हे त्यानंतर ठरवावे.